मैदानातलं गणित : आधी सांगा, कोणाशी खेळलात?

दोस्तांनो, आज एक अगदी सोप्पा वाटणारा प्रश्न. मोताळ्याच्या एका शाळेचा कबड्डी संघ वर्षभरात दहा सामने खेळला आणि त्यातले आठ जिंकला. देऊळगाव राजाच्या एका शाळेचा संघही दहाच सामने खेळला, पण जिंकला सहा. सांगा पाहू, जास्त भारी संघ कोणता?

(संघ आणि आकडे दोन्ही काल्पनिक आहेत हं! मोताळेकरांनी लगेच पेढे वाटू नयेत.)

"मोताळा!" असं ओरडलात ना? अहो, पण एक गोष्ट विचारायची राहिलीच की! हे दहा सामने झाले कोणाशी? समोर कालपरवा मैदानात उतरलेली पोरं होती, की दरवर्षी ढाल घरी नेणारे पठ्ठे होते? हे कळल्याशिवाय आठ आणि सहा या आकड्यांना काही अर्थच नाही.

आता खराखुरा दाखला घेऊ. तोही आपल्या विदर्भातलाच.

रणजी करंडकाच्या एका मोसमात सर्वांत जास्त बळी घेण्याचा विक्रम बरीच वर्षं बिशनसिंग बेदींच्या नावावर होता. १९७४-७५ मध्ये त्यांनी ६४ बळी घेतले होते. २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन तो मोडला. पुढे २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबेने ६९ बळी घेतले आणि तो विक्रम आपल्याकडे आला.

आता पाटी-पेन्सिल घ्या. अमनने ६८ बळी घेतले ८ सामन्यांत, म्हणजे सामन्यामागे साडेआठ. दुबेने ६९ घेतले १० सामन्यांत, म्हणजे सामन्यामागे ६.९. मग अमनच वरचढ झाला की!

इथेच तो मघाचा प्रश्न विचारायचा. समोर कोण होतं?

२०१८-१९ मध्ये रणजीत एकदम नऊ संघ वाढले आणि एकूण संघ झाले ३७. या नऊ संघांचा वेगळा 'प्लेट' गट केला. बिहार, उत्तराखंड, सिक्कीम, मेघालय, मिझोराम वगैरे मंडळी त्यात होती. अमनचे आठही सामने याच गटात झाले. यातले बरेच संघ पहिल्यांदाच रणजी खेळत होते. दुबेला मात्र बाद फेरीत तमिळनाडू, मुंबई आणि केरळ यांच्याशी गाठ पडली. त्यातली मुंबई तर आदल्याच वर्षी अंतिम सामन्यात विदर्भाला हरवून विजेती झालेली!

फलंदाजीतही तेच. त्याच २०१८-१९ च्या मोसमात सिक्कीमकडून खेळणाऱ्या मिलिंद कुमारने १३३१ धावा काढल्या, आणि विदर्भाच्या वसीम जाफरने १०३७. मिलिंद प्लेट गटात, जाफर वरच्या 'एलिट' गटात. नुसते आकडे शेजारी शेजारी ठेवले तर मिलिंद जवळजवळ ३०० धावांनी पुढे. पण दोघांना पडलेले चेंडू सारखे होते का?

या दोन गटांत फरक किती, ते मैदानावरच दिसलं. त्या वर्षी प्लेट गटात पहिला आलेला उत्तराखंड उपांत्यपूर्व फेरीत नागपूरला विदर्भाशी खेळला. उत्तराखंडने पहिल्या डावात ३५५ धावा केल्या. वाईट नाहीत! पण विदर्भाने ६२९ केल्या. त्यात एकट्या जाफरच्या २०६. दुसऱ्या डावात उत्तराखंड १५९ वर आटोपला. विदर्भ एक डाव आणि ११५ धावांनी विजयी!

"म्हणजे खालच्या गटातले सगळे कच्चे लिंबू!" असं मात्र म्हणू नका. २०१०-११ ची गंमत ऐका. राजस्थानचा संघ त्या वर्षी प्लेट गटात होता. त्याने हैदराबादला २१ धावांत गुंडाळलं, दीपक चहरने १० धावांत ८ बळी घेतले. "असेल, प्लेट गटच तो," असं तेव्हा म्हणता आलं असतं. पण आपल्या पुण्याच्या हृषीकेश कानिटकरच्या नेतृत्वाखाली हाच संघ पुढे गेला, अंतिम सामन्यात बडोद्याला भारी पडला आणि चक्क रणजी करंडक घेऊन आला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला! म्हणजे लहान गटात असणं ही काही कमजोरीची खूण नाही. मोठ्या संघाशी गाठ पडेपर्यंत आपल्याला खरं काय ते कळत नाही, एवढंच.

मग हे मोजायचं कसं? याचं एक गणित अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बेसबॉलमध्ये वापरतात. तिथे पहिल्या पायरीवरच सुमारे ३०० कॉलेजं आहेत, आणि छोट्या कॉलेजांच्या पायऱ्या आणखी वेगळ्या. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं म्हटलं तर पोरं म्हातारी होतील! पण शेवटच्या स्पर्धेला संघ तर ६४ च निवडायचे. म्हणून त्यांनी तीन टक्केवाऱ्या घेतल्या.

एक, तुम्ही किती टक्के सामने जिंकलात. दोन, तुमचे प्रतिस्पर्धी किती टक्के जिंकले (तुमच्याविरुद्धचे सामने वगळून). तीन, त्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धी किती टक्के जिंकले. पहिली एकदा, दुसरी दोनदा आणि तिसरी एकदा अशी बेरीज करायची आणि चाराने भागायचं. झालं!

चला, आपले संघ तपासू. मोताळ्याचे विजय ८० टक्के. समजा, त्यांचे प्रतिस्पर्धी दुबळे, ३० टक्केवाले. तिसरा आकडा दोघांनाही ५० धरू. ८० अधिक ३० अधिक ३० अधिक ५० म्हणजे १९०. भागिले ४, उत्तर ४७.५.

देऊळगाव राजाचे विजय ६० टक्के, पण प्रतिस्पर्धी तगडे, तेही ६० टक्केवाले. ६० अधिक ६० अधिक ६० अधिक ५० म्हणजे २३०. भागिले ४, उत्तर ५७.५. पाहिलंत? चार सामने हरलेला संघ दहा गुणांनी पुढे!

पण या गणितातही खोट आहे बरं का. अगदीच दुबळ्या संघाशी खेळलात तर जिंकूनही तुमचा आकडा खाली येऊ शकतो, कारण दुसऱ्या टक्केवारीचं वजन दुप्पट आहे. शिवाय एका गुणाने जिंकलात की चाळीस गुणांनी, या गणिताला त्याचं काही सोयरसुतक नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे समोर कोण यावं हे खेळाडूच्या हातात नसतं. बिहारचा संघ कित्येक वर्षं रणजीबाहेरच होता. कितीतरी मुलांचं खेळायचं वय तसंच निघून गेलं. दार उघडल्यावर अमनला जे फलंदाज मिळाले, त्यांना त्याने बाद केलं. आणखी काय करायचं त्याने? आपला विदर्भही १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. मधली काही वर्षं तो प्लेट गटातच होता, आणि पहिला करंडक मिळाला थेट २०१७-१८ मध्ये.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. बुलडाण्यात १३ तालुके. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. यातल्या पुष्कळशा स्पर्धा बाद पद्धतीने होतात. हरलात की पिशवी उचला! समजा, संग्रामपूरच्या एका लहानशा गावातली शाळा पहिल्याच फेरीत पुढे विजेत्या ठरणाऱ्या संघासमोर आली आणि दोन गुणांनी हरली. कागदावर लिहिलं जाणार, 'पहिल्या फेरीत पराभूत'. अंतिम सामन्यात वीस गुणांनी हरलेल्या शाळेपुढे 'उपविजेते'. पुढच्या वर्षी कोणाला सरावाला बोलवायचं, हे ठरवणाऱ्याने एवढाच कागद वाचला, तर त्या गावातल्या एखाद्या चांगल्या चढाईपटूवर अन्यायच नाही का?

म्हणून या आठवड्याचं काम. तुमच्या शाळेच्या संघाचे या वर्षीचे सामने वहीत लिहा. पहिल्या रकान्यात निकाल, दुसऱ्यात किती गुणांचा फरक, आणि तिसऱ्यात समोरचा संघ पुढे कुठपर्यंत गेला ते. मग ती वही आपल्या क्रीडाशिक्षकांना दाखवा. संघात तुम्ही नसलात तरी चालेल. मैदानाबाहेरही कोणीतरी नीट हिशेब ठेवणारं लागतंच!

आणि पुढच्या वेळी कोणी छाती फुगवून म्हणालं, "आम्ही सगळे सामने जिंकलो!" तर त्याचं मनापासून अभिनंदन करा. मग हळूच विचारा, "कोणाशी रे?"