महापौरपद: पद की पायरी?

स्वातंत्र्यपूर्व भारतात शहराचा कारभार ही राष्ट्रीय नेतृत्वाची शाळा होती. चित्तरंजन दास १९२४ मध्ये कलकत्त्याचे महापौर झाले, सुभाषचंद्र बोस १९३० मध्ये. वल्लभभाई पटेल १९२४ ते १९२८ या काळात अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. स्वातंत्र्यानंतर ही वाट अरुंद झाली. महापौरपदावरून मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचलेल्यांत महाराष्ट्रातील मनोहर जोशी आणि देवेंद्र फडणवीस ही नावे वाचकांना ठाऊक आहेत. मला मात्र सर्वांत बोधप्रद वाटते ती चेन्नईच्या एम. के. स्टॅलिन यांची वाटचाल. कारण या पदाचे बळ आणि त्याचे दुबळेपण अशा दोन्ही गोष्टी तिच्यात उघड दिसतात.

मद्रास महानगरपालिका १६८८ मध्ये अस्तित्वात आली. देशातील ती सर्वांत जुनी. त्या शहराचे महापौर असताना एस. सत्यमूर्ती यांनी १९३९-४० मध्ये परकीय सरकारशी झगडून पूंडी जलाशयाचा प्रकल्प मार्गी लावला. १९४४ मध्ये तो पूर्ण झाला, तेव्हा ते हयात नव्हते. पण जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे. अशी परंपरा असलेली ही महापालिका १९७३ मध्ये राज्य सरकारने बरखास्त केली आणि पुढील २३ वर्षे शहरात निवडणूकच झाली नाही. त्यावेळी मुख्यमंत्री होते स्टॅलिन यांचे वडील, एम. करुणानिधी.

१९९६ मध्ये करुणानिधी पुन्हा सत्तेत आले आणि त्याच वर्षी स्टॅलिन हे चेन्नईचे थेट जनतेतून निवडून आलेले पहिले महापौर ठरले. ते आमदारही होते. ‘सिंगार चेन्नई’ ही त्यांची घोषणा गाजली. नऊ उड्डाणपूल उभे राहिले. महापौर ठरवतो आणि काम होते, हे दृश्य भारतीय शहराला नवे होते. परंतु ते शक्य झाले ते महापौरपदाच्या अधिकारांमुळे नव्हे, तर मुख्यमंत्र्यांचा पाठिंबा घरातच होता म्हणून.

याचा पुरावा २००१ मध्ये मिळाला. राज्यात जयललितांचे सरकार आले. त्याच उड्डाणपुलांतील कथित गैरव्यवहारावरून जूनमध्ये करुणानिधींना मध्यरात्रीनंतर अटक झाली. स्टॅलिन यांनाही तुरुंगात जावे लागले. आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही. काही महिन्यांनी मतदारांनी त्यांना पुन्हा महापौर केले. तेव्हा २००२ मध्ये सरकारने कायदा बदलला: एका व्यक्तीला दोन निर्वाचित पदे नकोत. तत्त्व म्हणून हा नियम रास्तच आहे. तथापि निवडणूक झाल्यानंतर तो लागू करण्यामागचा हेतू लपणारा नव्हता. स्टॅलिन यांना महापौरपद गमवावे लागले.

येथवरची कथा सूडाच्या राजकारणाची वाटेल. पण पुढे काय झाले? २००६ मध्ये द्रमुक सत्तेत आला, स्टॅलिन स्थानिक प्रशासन मंत्री झाले आणि त्याच सरकारने महापौराची थेट निवड रद्द केली. २०११ मध्ये अण्णाद्रमुकच्या राजवटीत ती परत आली. २०२२ मध्ये, स्टॅलिन मुख्यमंत्री असताना, महापौर पुन्हा नगरसेवकांतून निवडला गेला. दरम्यान २०१६ पासून पाच वर्षांहून अधिक काळ चेन्नईत लोकनियुक्त सभागृह नव्हते. मुंबईकरांना हा अनुभव परका नाही; त्यांच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तेथेही दीर्घकाळ प्रशासक होता.

प्रशासकीय सेवेत असताना मी पाहिले आहे की, आयुक्ताचे लक्ष सभागृहापेक्षा सचिवालयाकडे अधिक असते. त्यात व्यक्तीचा दोष नसतो. त्याची नेमणूक, बदली आणि पुढची बढती यांपैकी काहीच महापौराच्या हाती नसते. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पाच वर्षांची मुदत आणि वेळेवर निवडणूक बंधनकारक केली. मात्र बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांचे अधिकार प्रत्यक्षात देणे राज्यांच्या मर्जीवर सोडले. चेन्नईत पाणी आणि मलनिस्सारण वेगळ्या मंडळाकडे, तर नियोजन महानगर विकास प्राधिकरणाकडे आहे. दोन्ही राज्याच्या अखत्यारीतील. डिसेंबर २०१५ च्या महापुरात घरे बुडाली, तेव्हा जलाशयाचे दरवाजे, तलावांवरील बांधकामे आणि तुंबलेल्या गटारी यांची उत्तरे नागरिकांना तीन वेगळ्या दारांत शोधावी लागली.

म्हणून महापौर थेट निवडावा की सभागृहातून, हा वाद मला दुय्यम वाटतो. अधिकारांवाचून थेट निवडलेला महापौर हा लाखो मतांचा धनी असलेला केवळ शोभेचा पुढारी ठरतो. आधी पाणी, नियोजन आणि वाहतूक या यंत्रणा शहराच्या सभागृहाला उत्तरदायी कराव्यात. आयुक्ताच्या नेमणुकीत आणि कार्यमूल्यमापनात महापौराला स्थान द्यावे. निवडीची पद्धत बदललीच, तर ती एक निवडणूक सोडून पुढच्या निवडणुकीपासून लागू व्हावी.

महापौरपदाची उणीव स्टॅलिन यांच्याइतकी जवळून अनुभवलेले राज्यकर्ते थोडेच असतील. तरीही सत्ता हाती आल्यावर त्यांच्या पक्षाने ती दूर केली नाही. राज्याच्या राजधानीत दुसरे सत्ताकेंद्र कोणत्याच मुख्यमंत्र्याला नको असते. हे जोवर बदलत नाही, तोवर महापौरपद ही नेत्यांची पायरीच राहील, आणि पूर आला की शहराने कोणाला जाब विचारायचा, हा प्रश्न तसाच उरेल.