घरपट्टीचा हिशेब



मार्च जवळ आला की आमच्या ओट्यावर बिल वाचून घेणाऱ्यांची गर्दी होते. मागे एकदा धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या. "दादा, पट्टी एवढीशी, मग आकडा एवढा कसा?" खाली एक ओळ होती : शास्ती. थकबाकीवर दरमहा २ टक्के. म्हणजे २,००० रुपये थकले तर महिन्याला ४०, वर्षाला ४८० रुपये. मावशींनी बचत गटातून पैसे उचलून बिल भरले, आणि थोड्याच दिवसांत शास्तीमाफी जाहीर झाली! लाखोंची बाकी वर्षानुवर्षे अडवून बसलेल्यांना सूट मिळाली. मावशींच्या हाती नुसती पावती.

बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना नेमके हेच दुखणे दाखवले होते. उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर नाही. शेतसारा मात्र पीक बुडाले तरी भरायचा, आणि लहान शेतकऱ्याला व जहागीरदाराला दर एकच. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, पण बाब आपलीच आहे.

पूर्वी जकात होती. नाक्यावर मालावर बसलेली जकात शेवटी मजुराच्या किराण्यातूनच वसूल व्हायची. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. पुढे एलबीटी आला नि गेला, २०१७ साली जीएसटी लागला. आता शहराच्या हाती स्वतःची म्हणावी अशी मोठी पट्टी राहिली ती घरपट्टीच. म्हणून ती कोणाकडून किती येते, हे बघायला हवे.

पाणीपट्टीचे तर विचारूच नका. मीटर नसेल तिथे अर्ध्या इंची नळाला ठरावीक रक्कम. बंगल्यात हौद आणि मोटार, आपल्याकडे चार घागरी, बिल सारखेच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात टँकरपुढे घागरी घेऊन कोण उभे होते, हे लातूरकरांना सांगायला नको.

पट्टी भरू नका, असे आम्ही म्हणत नाही. नाली, दिवाबत्ती, अभ्यासिका यांना पैसा लागतोच. पण आपल्या प्रभागातून किती वसूल झाले, आपल्या प्रभागात किती खर्चले, आणि सर्वांत मोठे थकबाकीदार कोण, एवढे तरी कळावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे मागता येते. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस.

अर्जाचा मसुदा आम्ही करून ठेवला आहे. रविवारी वंदनेनंतर विहारात या. येताना जुन्या पावत्या आणा, फाटक्या असल्या तरी चालतील.