अपुरी कादंबरी आणि अपुरी बंदूक

अमेरिकेतल्या बंदुकांचा विषय निघाला की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस दोन वाक्यांत मोकळा होतो: तो देश वेडा आहे, आणि आपले बरे आहे. स्टाफरूममध्ये आम्हीही ही वाक्ये अनेकदा उच्चारली आहेत. परंतु घरच्या घरी बंदूक बनविणाऱ्या हौशी लोकांसंबंधी तेथील राज्यांत जे कायदे झाले आणि जे प्रस्तावित झाले, ते वाचू लागल्यावर ध्यानात आले की हा वाद लोखंडाइतकाच शब्दांचाही आहे. शब्दांच्या वादात साहित्याच्या अध्यापकांनी मौन पाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

१९६८ च्या संघीय कायद्यानुसार बंदुका बनवून विकणाऱ्यास परवाना लागतो आणि प्रत्येक नगावर क्रमांक कोरावा लागतो. स्वतःपुरती बंदूक बनविणाऱ्यास त्या कायद्याने यांपैकी काहीच लागत नाही. या फटीतून एक बाजारपेठ उभी राहिली. कायद्याच्या दृष्टीने 'बंदूक' ठरणारा भाग म्हणजे रिसीव्हर. तो जवळजवळ पुरा करून, चार भोके आणि थोडे कोरकाम शिल्लक ठेवून विकला, की तो निव्वळ धातूचा किंवा प्लास्टिकचा तुकडा! उरलेले काम गिऱ्हाइकाने घरच्या ड्रिलिंग मशीनवर करावयाचे. या मालाला 'ऐंशी टक्के' असे नाव पडले, जणू बंदुकीलाही परीक्षेत गुण मिळतात.

२०२२ मध्ये संघीय सरकारने नियम करून असे जोडसंचही 'बंदूक' या शब्दाच्या कक्षेत आणले. २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम सात विरुद्ध दोन मतांनी उचलून धरला. न्यायमूर्ती गोरसच यांनी निकालपत्रात दिलेला दाखला आमच्या वाचकांना रुचावा. लेखिकेने अपुरे हस्तलिखित धाडून आपल्या नव्या कादंबरीवर मत विचारले, तर 'कादंबरी' या शब्दाला कोणी हरकत घेत नाही. अजून जोडावयाचे असलेले टेबलही लोक टेबलच म्हणतात. हौशी मंडळींना ही शब्दांची कसरत वाटली. आमच्या मते हे साधे, शहाणे वाचन आहे. वस्तूचे नाव तिच्या हेतूवरून पडते, हे भाषा वापरणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

कॅलिफोर्नियाने तर २०१६ मध्येच कायदा केला. १ जुलै २०१८ पासून तेथे बंदूक घडविण्यापूर्वी राज्याच्या न्याय विभागाकडून क्रमांक घ्यावा लागतो. हा हस्तकौशल्याचा अपमान आहे, अशी हौशींची तक्रार. आपल्या हाताने बंदूक घडविणारा प्रत्येक जण खुनी नसतो, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिहावयास सांगितल्याने विद्यार्थ्याच्या बुद्धीचा अपमान होत नाही. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी त्याच राज्यातील सँटा क्लॅरिटा येथील शाळेत सोळा वर्षांच्या मुलाने दोन विद्यार्थ्यांना ठार केले व स्वतःवरही गोळी झाडली. ते पिस्तूल जोडसंचातून बनविलेले होते. त्यावर क्रमांक नव्हता. शिक्षक म्हणून या घटनेपुढे हौसेचा युक्तिवाद आम्हांस फार तोकडा वाटतो.

येथवर आम्ही कायद्याच्या बाजूचे. मात्र पुढे पाय अडखळतो.

२०१३ मध्ये 'लिबरेटर' या पिस्तुलाचा आराखडा महाजालावर आला. थ्री-डी प्रिंटर असणाऱ्या कोणालाही तो छापता येई. तेव्हापासून राज्यांचा रोख वस्तूवरून मजकुराकडे वळत गेला. न्यू जर्सीने २०१८ मध्ये परवाना नसलेल्यांना असे आराखडे पुरविणे हाच गुन्हा ठरविला. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली असे प्रिंटर विकत घेणाऱ्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासण्याचे विधेयक आले; आणि प्रिंटरनेच बंदुकीचे भाग ओळखून छपाई नाकारावी, असा प्रस्ताव तेथील गव्हर्नर होकल यांनी जानेवारी २०२६ मध्ये मांडला.

अशा वेळी मराठी वाचकाला १९०८ साल आठवावयास हवे. 'केसरी'तील लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या घरझडतीत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे होती, एवढेच. सरकारपक्षाने ते कार्ड पुराव्यात दाखल केले. नव्या कायद्यातील स्फोटकाच्या व्याख्येवर टीका करण्यासाठी ती पुस्तके हवी होती, हा टिळकांचा खुलासा. व्याख्या तपासू पाहणाऱ्याच्या पुस्तकांची यादी हाच त्याच्या हेतूचा पुरावा ठरू पाहत होता!

फाइल म्हणजे पुस्तक नव्हे, ती यंत्राला दिलेली आज्ञा आहे, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण आज्ञा पाळून क्रमांकाविना बंदूक छापली गेली, तर त्या बंदुकीसाठी शिक्षा देणारे कायदे कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत आहेतच. त्यांची अंमलबजावणी कडक करावी, आमची ना नाही. प्रिंटरवर बसविलेल्या पहारेकऱ्याला मात्र बंदूक ओळखण्यासाठी प्रत्येक आकृती तपासावी लागणार. नाटकातले खोटे पिस्तूल, पाण्याची पिचकारी, बिजागरी, नळीचा तुकडा, सगळे त्याच्या नजरेखालून जाणार. 'अपुरी बंदूक' कोणती, हे ठरविताना सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचेही एकमत झाले नाही. ते ठरविण्याचे काम आता घरातल्या यंत्राने, छपाई सुरू होण्याआधी, करावयाचे आहे, आणि त्याने चुकीचा नकार दिला तर अपील कोणाकडे करावयाचे?