प्रेसखालची बोटे

शहापूर तालुक्यातील वासिंद येथे जिंदाल समूहाने १९८२ मध्ये पोलाद कारखाना उभारला. आज तेथे मुलामा दिलेल्या पत्र्याच्या गुंडाळ्या, म्हणजेच कॉइल, तयार होतात. शेजारच्या मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत टेक्नोक्राफ्ट ही कंपनी पोलादी पिंपांची बुचे बनवते. भातशेतीच्या या दोन तालुक्यांत पत्र्याचा उद्योग असा स्थिरावला आहे. तेव्हा पत्र्यातून वस्तू घडवण्याचे तंत्र येथील कष्टकऱ्याला काय देते आणि त्याच्याकडून काय हिरावून घेते, याचा विचार आपण करावयास हवा.

या तंत्राचे प्रगत रूप असे आहे. कॉइल एका फिरत्या आधारावर चढवतात. तिचा बाक रुळांच्या ओळीतून काढला जातो आणि फीडर ती पट्टी ठरावीक अंतराने प्रेसमध्ये सरकवतो. डायमध्ये कामाचे टप्पे ओळीने मांडलेले असतात: पहिल्यात भोक, दुसऱ्यात खाच, तिसऱ्यात वाकण, शेवटच्यात कापणी. प्रत्येक ठोक्याला पट्टी एक टप्पा पुढे जाते आणि दुसऱ्या टोकाला तयार नग पडतो. चालू ठोक्यात माणसाचा हात डायजवळ नेण्याचे कारणच उरत नाही.

मग बोटे का तुटतात? गुडगाव–मानेसर पट्ट्यातील जखमी कामगारांत काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेच्या २०१९ पासूनच्या अहवालांत वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतील अशा अपघातांचे प्रमुख कारण म्हणून पॉवर प्रेसच पुढे येतो. उत्तर यंत्रापेक्षा हिशेबात अधिक आहे. टप्प्याटप्प्यांची डाय महाग असते. तिचा खर्च फार मोठ्या संख्येच्या नगांवर वाटला गेला तरच परवडतो. मोठी कंपनी छोटी कामे पोटकंत्राटदाराकडे सोपवते, तो ती आणखी लहान शेडमध्ये देतो. तेथे फीडर नसतो. पत्र्याचे तुकडे एकेक करून हाताने डायमध्ये ठेवायचे आणि पायाने पेडल दाबायचे. फीडरपेक्षा माणसाचा हात स्वस्त, एवढेच या व्यवस्थेचे अर्थशास्त्र आहे.

त्यातच जुन्या यांत्रिक प्रेसचा चावीचा क्लच एकदा गुंतला की ठोका पूर्ण झाल्यावाचून थांबत नाही. त्यावर प्रकाशकिरणांचा पडदा बसवूनही उपयोग होत नाही. तेथे हात आत जाऊच न देणारी पक्की जाळीच हवी. कॉइलवर चालणारा प्रेसही अडकलेला तुकडा काढताना किंवा डाय बसवताना तितकाच घातक असतो.

कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो? १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने धोकादायक भागांना भक्कम संरक्षण सक्तीचे केले होते. वीज वापरणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्यास त्यात १० कामगार पुरेसे होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या सुरक्षा संहितेने ती संख्या २० वर नेली. म्हणजे जेथे धोका सर्वांत दाट, ती चार-सहा माणसांची शेड कारखान्याच्या व्याख्येपासून आणखी दूर ढकलली गेली.

आणि भरपाई? १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेल्या परिशिष्टानुसार पूर्ण तर्जनी गेल्यास कमाईची क्षमता १४ टक्के घटते, अंगठा गेल्यास ३० टक्के. हे टक्के लावले जातात ते कारखान्यातील वेतनाला. पण येथील कामगार पावसाळ्यात आवणीला उभा राहतो, भात कापताना विळा धरतो. शेतावरच्या हाताची ती कमाई या कोष्टकात कोठेच धरलेली नाही. ज्या हातावर घरातील दोन चुली अवलंबून असतात, त्याचा हिशेब एकाच चुलीचा होतो.

आपली मागणी यंत्राला विरोध करणारी नाही. यंत्र पुरेसे प्रगत करा, अशी आहे. प्रेस तेथे जाळी किंवा फीडर, ही अट कामगारांच्या संख्येवर अवलंबून असता कामा नये. ज्या मोठ्या कंपनीचा माल त्या शेडमध्ये घडतो, तिने दिलेल्या दरात संरक्षणाचा खर्च धरलेला असावा आणि अपघाताच्या जबाबदारीतूनही तिला सुटता येऊ नये. वासिंद, आसनगाव, मुरबाड येथील कार्यकर्त्यांनी शेडनिहाय प्रेसची आणि त्यांवरील जाळ्यांची नोंद करण्यास प्रारंभ करावा. अपघातानंतर भरपाईचा अर्ज लिहून देणे हे आवश्यक काम आहे. तो लिहिण्याची वेळच येऊ न देणे, हे संघटनेचे खरे काम आहे.