विश्लेषण : जेतेपदांनंतरचा हिशेब! शिकागो ब्लॅकहॉक्सला जुने करार इतके महाग का पडले?

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, ही आइस हॉकीची सर्वांत मोठी स्पर्धा. शिकागो ब्लॅकहॉक्सने २०१०, २०१३ आणि २०१५ असे तीनदा तिचे स्टॅन्ली चषक जिंकले. मात्र २०२३-२४ च्या हंगामात ८२ सामन्यांतून या संघाला अवघे ५२ गुण मिळाले. खेळाडूंचे वय झाले, हे या घसरणीचे अर्धे कारण. उरलेले अर्धे पगारपत्रकात सापडते.

वेतनमर्यादा म्हणजे काय?

संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील वादामुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. त्या वादातून वेतनमर्यादा आली. २००५-०६ मध्ये प्रत्येक संघाला पगारासाठी कमाल ३.९ कोटी डॉलरची मुभा होती. २०२५-२६ साठी ती ९.५५ कोटी डॉलर आहे. मालक कितीही श्रीमंत असला, तरी ही रेषा ओलांडता येत नाही. शिवाय किमान खर्चाचीही अट आहे.

आयपीएलच्या चाहत्यांना हे ओळखीचे वाटेल. २०२५ च्या महालिलावात प्रत्येक संघाची थैली १२० कोटी रुपयांची होती. पण आयपीएलमध्ये काही वर्षांनी महालिलाव होतो आणि संघाची पाटी बरीचशी कोरी होते. एनएचएलमध्ये करार आठ-आठ वर्षांचे होत आले आहेत. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षे, असा सरासरी आकडा दरवर्षी मर्यादेत धरला जातो. खेळ उतरला म्हणून तो आकडा उतरत नाही.

कोंडी कशी झाली?

जोनाथन टेव्स आणि पॅट्रिक केन हे शिकागोच्या यशाचे दोन खांब. जुलै २०१४ मध्ये दोघांशी प्रत्येकी आठ वर्षांचे, वर्षाला १.०५ कोटी डॉलरचे करार झाले. ते लागू झाले त्या २०१५-१६ च्या हंगामात मर्यादा ७.१४ कोटी डॉलर होती. म्हणजे जवळपास २९ टक्के रक्कम दोनच खेळाडूंवर गेली.

पाठोपाठ बचावपटू ब्रेंट सीब्रुकला वर्षाला ६८.७५ लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार मिळाला. तो सुरू झाला तेव्हा सीब्रुक ३१ वर्षांचा होता. दुखापतींमुळे मार्च २०२१ मध्ये त्याने खेळणे थांबवले, तेव्हा कराराची तीन वर्षे बाकी होती. त्यातच करोनामुळे उत्पन्न आटले आणि २०१९-२० पासून सलग तीन हंगाम मर्यादा ८.१५ कोटी डॉलरवरच थांबली. मर्यादा वाढत राहील आणि जुने करार आपोआप हलके होतील, हा हिशेब चुकला.

निवृत्तीनंतरही भार राहतो?

काही वेळा राहतो. बचावपटू डंकन कीथचा २०१०-११ पासून लागू झालेला करार १३ वर्षांचा, ७.२ कोटी डॉलरचा होता. सुरुवातीच्या वर्षांत जास्त पैसे आणि शेवटी कमी, अशी त्याची रचना होती. कीथ २०२१ मध्ये एडमंटनकडे गेला आणि २०२२ मध्ये निवृत्त झाला. मात्र आधी घेतलेल्या सवलतीची वसुली शिकागोकडून झाली. २०२२-२३ मध्ये सुमारे ५५ लाख आणि पुढच्या हंगामात सुमारे १९ लाख डॉलर त्याच्या नावावर धरले गेले. तेव्हा कीथ कोणत्याच संघात नव्हता.

सुटकेचे मार्ग कोणते?

पहिला मार्ग करार विकत घेऊन मोडण्याचा. खेळाडू २६ किंवा त्याहून अधिक वयाचा असेल, तर उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात द्यावी लागते. दुसरा, पगाराचा जास्तीत जास्त निम्मा वाटा स्वतःकडे ठेवून खेळाडू दुसऱ्या संघाला देण्याचा. एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात. तिसरा, ज्याच्याकडे जागा रिकामी आहे त्याच्या गळ्यात करार घालण्याचा. अर्थात, त्याची किंमत मोजावी लागते.

मार्च २०२२ मध्ये महाव्यवस्थापक झालेल्या काइल डेव्हिडसन यांनी हीच रिकामी जागा भांडवल म्हणून वापरली. टोरंटोला गोलरक्षक पीटर म्राझेकचा ३८ लाख डॉलरचा करार नकोसा झाला होता. शिकागोने तो पत्करला आणि नवोदितांच्या निवडीत आपला ३८ वा क्रमांक देऊन टोरंटोचा २५ वा मिळवला. त्यावर सॅम रिन्झेल हा तरुण बचावपटू आला.

मग ज्येष्ठ खेळाडू हवेतच कशाला?

किमान खर्चाची अट पाळायची असते, हे एक कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे १८ वर्षांच्या मुलाला रोजचा सराव, प्रवास आणि पराभव पचवायला कोणीतरी शिकवावे लागते. २०२३ मध्ये शिकागोने पहिल्या क्रमांकावर कॉनर बेडार्डला निवडले. त्याच उन्हाळ्यात बॉस्टनला पगाराचा बोजा कमी करायचा होता. तिथून टेलर हॉल आणि निक फोलिन्यो आले. फोलिन्योचा करार एका वर्षाचा, ४० लाख डॉलरचा होता. पुढे तोच कर्णधार झाला. ज्येष्ठाला चांगला मोबदला, पण मोजक्या मुदतीसाठी, ही वाट योग्यच होती.

चूक कुठे झाली?

सेथ जोन्सच्या बाबतीत. २०२१ च्या जुलैत, आधीच्या व्यवस्थापनाने या बचावपटूला आणून वर्षाला ९५ लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार दिला. तो लागू होण्याआधीच संघाने पुनर्बांधणीची दिशा धरली. जोन्ससाठी दिलेली पहिल्या फेरीची निवड २०२२ मध्ये सहाव्या क्रमांकाची ठरली. अखेर मार्च २०२५ मध्ये तो फ्लोरिडाकडे गेला आणि साडेतीन महिन्यांत स्टॅन्ली चषक विजेता झाला. शिकागोला गोलरक्षक स्पेन्सर नाइट आणि पहिल्या फेरीची एक निवड मिळाली. पण जोन्सचे वर्षाला २५ लाख डॉलर २०२९-३० पर्यंत शिकागोच्याच खात्यावर राहतील.

धडा काय?

टेव्स, केन, कीथ यांनी शिकागोला जे दिले ते अनमोल होते. त्यांची कदर करायला पुतळे आहेत, निवृत्त केलेले जर्सी क्रमांक आहेत. वेतनमर्यादेखालचा करार मात्र मागच्या पराक्रमाचे बक्षीस होऊ शकत नाही. तो पुढच्या कामाचाच मोबदला असावा लागतो. हा फरक विसरला की बिल येते ते पुढच्या पिढीच्या नावाने.

आता मर्यादा पुन्हा झपाट्याने वाढते आहे. हातात पैसा खुळखुळू लागला की लांब मुदतीचे करार पुन्हा स्वस्त वाटू लागतात. बेडार्डचा पहिला करार २०२५-२६ पर्यंतचाच. त्याच्यासाठी आणि त्याच्या बरोबरच्या मुलांसाठी जागा राखायची, की ती तिशी ओलांडलेल्या नव्या नावांवर उधळायची, यावर शिकागोची पुनर्बांधणी खरी होती की नुसती घसरण, हे ठरेल.