आईची परीक्षा

बारावी झाली, लग्न ठरलं आणि शिक्षण थांबलं, असं सांगणाऱ्या बायका आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. वडील गेले म्हणून दुकानात बसलेले पुरुषही भेटतात. पुन्हा शिका म्हटलं की ते विचारतात, ‘आता या वयात कोण घेणार?’

घेतात. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी आणि कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ मध्ये, म्हणजे मोठ्या माणसांनी शिकणं आपल्याकडे नवं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरसंसार, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना पदवी देत आलं आहे. आयटीआयला कमाल वयाची अट नाही. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. ‘एका वर्षात घरबसल्या पदवी’ अशी जाहिरात करणाऱ्यांना मात्र पैसे देऊ नका. आधी आयोगाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव आणि तो अभ्यासक्रम आहे का, ते पाहा. नर्सिंग किंवा इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणाने मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

माझ्या ओळखीच्या एक ताई डबे करतात आणि बीए करतात. भाजी शिजेपर्यंत ओट्याशी उभं राहून वाचायचं, अडलं तिथे समासात पेन्सिलीने प्रश्न लिहायचा आणि रविवारी अभ्यासकेंद्रात सरांना विचारायचा, ही त्यांची रीत. त्यांचं पुस्तक मी चाळलं. हळदीच्या बोटांचे डाग आणि बारीक अक्षरातले प्रश्न यांनी समास भरून गेलेत. बरेच जण पुस्तकं घेऊन जातात ते थेट परीक्षेलाच उगवतात. मला विचाराल तर रविवारचा तास चुकवणं म्हणजे निम्मं शिक्षण सोडून देणं. तिथे शंका फिटतात, आणि आपल्यासारखीच अडलेली माणसं भेटतात.

पण तो रविवार घरून मिळायला हवा. मुलाची दहावी असली की टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना ‘नंतर या’ म्हणून कळवलं जातं. आईची परीक्षा असली तर? तिचा पेपर सकाळी असतो आणि तिलाच विचारतात, ‘जेवायचं काय केलंयस?’ फी, फॉर्म, पुस्तकं यांची सोय होते हो, या प्रश्नाची होत नाही. तुमच्या घरात कुणी यंदा प्रवेश घेतला असेल, तर त्यांच्या परीक्षेचं वेळापत्रक आजच फ्रिजवर लावा आणि त्या दिवसांचा स्वयंपाक कोण करणार, ते शेजारी लिहून ठेवा.