बांधव आणि शेजारी

पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेली प्रतिज्ञा मराठी मुलांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती मुळात मराठी नव्हे हे ध्यानात येण्याचे कारणच घडत नाही. ती हिंदीतूनही आलेली नाही. १९६२ साली विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी असलेल्या पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती तेलुगूत लिहिली. चीनशी युद्ध झाले ते हेच वर्ष. १९६४ साली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या बंगलोर येथील बैठकीत ती देशभरच्या शाळांतून म्हटली जावी असे ठरले, आणि १९६५ च्या प्रजासत्ताक दिनापासून तसा प्रघात पडला. एका प्रादेशिक भाषेतील मजकूर सर्व भाषांचा व्हावा आणि त्याचा कर्ता बहुतेकांना अज्ञात राहावा, हे अनुवादाचे एक दुर्मिळ यशच म्हटले पाहिजे.

या प्रतिज्ञेने देशवासीयांसाठी जे नाते निवडले ते भावंडांचे आहे. मित्राचे नव्हे, शेजाऱ्याचेही नव्हे. भावंडपण जन्माने येते. त्यासाठी भेट घडावी लागत नाही, परस्परांची भाषा कळावी लागत नाही. जो कधी दृष्टीस पडला नाही तोही बंधू असू शकतो. स्नेहाचे तसे नाही. त्याला काळ लागतो, जागा लागते आणि अधूनमधून भांडायचीही मोकळीक लागते. राज्यसंस्थेला पहिले नाते सोयीचे वाटते यात नवल नाही, कारण ते नुसते जाहीर करून भागते. मराठी भाषिकाने मात्र त्यावर फार विसंबू नये. याच नात्यावरून मराठीने ‘भाऊबंदकी’ हा शब्द घडवला, आणि १९०९ साली खाडिलकरांना त्या नावाचे नाटक लिहिण्याइतका आशय त्यात सापडला. मैत्रीवरून तसा शब्द अद्याप कोणी घडवलेला नाही.

बंधुत्वाची भाषा सर्वांत कसोशीने वापरली ती युगोस्लाव्हियाने. दुसऱ्या महायुद्धातील पार्टिझन लढ्यात ‘बंधुत्व आणि ऐक्य’ ही घोषणा रूढ झाली आणि पुढे ती राज्याचीच घोषणा बनली. युवकांच्या श्रमपथकांनी बांधलेला झाग्रेब-बेलग्रेड महामार्ग १९५० साली खुला झाला. त्यालाही हेच नाव देण्यात आले. याच काळात बोस्नियातील खेड्यांतून एक दुसरा, तुर्कीतून आलेला शब्द नांदत होता : ‘कोम्शिलुक’, म्हणजे शेजार. तोने ब्रिंगा या नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मध्य बोस्नियातील एका मिश्र वस्तीच्या खेड्यात राहून या शेजाराचा अभ्यास केला. मुसलमान आणि कॅथलिक बायका एकमेकींकडे कॉफीला जात. सणावारी परस्परांच्या घरी पाऊल टाकणे हा रीतीचाच भाग होता. १९९३ साली ब्रिंगा एका माहितीपटाच्या निमित्ताने तेथे परत गेल्या. आमच्या गावात असे काही होणार नाही, असे सांगणारी माणसे त्या चित्रणात आहेत. काही आठवड्यांतच ते गाव हल्ल्यात सापडले आणि तेथील मुसलमानांना परागंदा व्हावे लागले.

हे उदाहरण मैत्रीच्या कैवाऱ्यांनाही अडचणीचे आहे. सामान्य माणसे मुळात चांगलीच असतात, राजकारण्यांनी त्यांना सुखाने राहू द्यावे म्हणजे झाले, हा समज आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. बोस्नियाच्या खेड्यातील स्नेह खोटा नव्हता. तरीही तो पुरला नाही. घोषणा राज्याच्या हाती होती, शेजार माणसांच्या हाती होता, आणि या दोहोंच्या मध्ये, राज्यावर अवलंबून नसलेले असे फारसे काही उभे राहू शकले नव्हते. वरून दडपण आले तेव्हा प्रत्येक घर एकेकटे ठरले.

भारतातील अधिकृत प्रयत्नांचा आरंभ १९६१ चा. त्या वर्षी फेब्रुवारीत जबलपूरला दंगल झाली. त्याच वर्षी संपूर्णानंदांच्या अध्यक्षतेखाली भावनात्मक एकात्मता समिती नेमली गेली, दिल्लीत एकात्मता परिषद भरली आणि तीतूनच राष्ट्रीय एकात्मता परिषद ही कायम संस्था निघाली. ‘भावनात्मक एकात्मता’ हा शब्दप्रयोग समितीच्या टेबलावर तयार झालेला आहे, हे ऐकताक्षणीच कळते. घरादारात तयार झालेला मराठी शब्द ‘घरोबा’ हा आहे. एकात्मता साधावी लागते, दृढ करावी लागते, जोपासावी लागते; घरोबा आपसूक होतो. मात्र त्यासाठी आधी घर मिळावे लागते, आणि मोहिमांची अडचण सुरू होते ती नेमकी येथे.

मोहीम माणसाला प्रतिनिधी म्हणून पाहते. शाळेच्या रंगमंचावर नऊवारीतील एक मुलगी, फेटा बांधलेला एक शीख, हाती भाला घेतलेला एक नागा असे उभे असतात (नागा झालेला मुलगा बहुधा त्याच गावचा असतो). ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या उपक्रमाची घोषणा झाली, आणि पुढे त्यात राज्यांच्या जोड्या लावण्यात आल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आला. परस्परांच्या भाषेतील चार वाक्ये मुलांनी शिकावीत, हे वाईट नाही. काहीच न येण्यापेक्षा चार वाक्ये बरी. पण ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या प्लंबर देशभरच्या शहरांत जात आले आहेत. असा कारागीर स्वयंपाकघरापर्यंत येतो, नळ दुरुस्त करतो आणि निघून जातो. त्याची भाषा कोणती, हे त्याला विचारण्याचा प्रसंग सहसा येत नाही. त्याच घरातील मूल त्या आठवड्यात शाळेत ओडिसी नृत्याचे चित्र रंगवीत असते.

ऑगस्ट २०१२ मध्ये बंगलोरमधून ईशान्य भारतातील हजारो तरुण दोन-चार दिवसांत निघून गेले. त्यांच्यासाठी रेल्वेला गुवाहाटीच्या खास गाड्या सोडाव्या लागल्या. शहरात दंगल झालेली नव्हती. भ्रमणध्वनीवर फिरणारे धमकीचे संदेश आणि अफवा एवढे कारण पुरले. सरकारने एकगठ्ठा संदेशांवर पंधरा दिवस निर्बंध घातला, तो योग्यच होता. तथापि संदेशाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा, की तो वाचल्यावर खात्री करून घेण्यासाठी शेजारच्या कोणत्या दारावर थाप मारता येत होती? हॉटेलात, सुरक्षारक्षकाच्या कामावर, महाविद्यालयात त्यांना रोज पाहणारे पुष्कळ होते. त्यांच्या खोलीवर जाऊन बसलेले किती असतील?

आणि खोली मिळणे हेही सोपे नाही. एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद येथील एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा तिचा नियम ग्राह्य धरला. संघटनेचे स्वातंत्र्य घटनेनेच दिलेले आहे, हा त्यामागील आधार. पारशांसारख्या अल्पसंख्य समाजाची आपल्या वस्तीविषयीची आस्था समजू शकते. पण तीच मुभा बहुसंख्यांच्या प्रत्येक गृहसंस्थेने वापरायची ठरवली, तर शहराचे काय होईल? सिंगापूरने १९८९ पासून सरकारी इमारतींत चिनी, मलय आणि भारतीय वंशीयांची प्रमाणे ठरवून दिली. तो मार्ग जाचक आहे. अल्पसंख्यांना घर विकताना गिऱ्हाइकांचा तोटा पडतो, ही तेथील जुनी तक्रार. तो भारतात आणावा असे नव्हे. परंतु ऐक्य कोणत्या पत्त्यावर राहते, हा प्रश्न निदान त्या राज्याला पडला होता.

आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अलिगढ व कालिकत अशा शहरांच्या जोड्या घेऊन दंगली कोठे होतात आणि कोठे टळतात याचा शोध घेतला. खेड्यात रोजची उठबस पुरते. शहरात मात्र दोन्ही समाजांच्या लोकांना एकत्र बांधणाऱ्या व्यापारी संघटना, कामगार संघ, वाचनालये यांची गरज असते, असा त्यांचा निष्कर्ष. महाराष्ट्रापुरते भिवंडीचे उदाहरण याला पूरक आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ नंतर मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतल्या सामान्य माणसांना जागा होती, आणि दंगल नसतानाही त्या भरत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. या समित्यांनी कोणाला बंधुत्व शिकवले नाही. गल्लीतील कुरबुरी समोरासमोर बसून मिटवायच्या, एवढेच त्यांचे काम. ते करता करता माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली.

सरकारी योजनांपैकी या प्रकाराला सर्वांत जवळची एक योजना फारशी गाजलेली नाही. १९८५-८६ साली हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रयोग म्हणून पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली. या निवासी शाळांत नववीच्या सुमारे तीस टक्के मुलांनी एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात, हिंदी मुलुखातील मुलांनी अहिंदी आणि अहिंदीतील मुलांनी हिंदी मुलुखात, जाऊन शिकावे अशी व्यवस्था आहे. चौदा वर्षांच्या मुलाला हजार मैलांवर धाडायला आईबाप सहजी राजी होत नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. पण तेथे गेलेल्या मुलाचे प्रतिनिधीपण फार तर पंधरवडाभर टिकत असेल. पुढे तो चांगला गोलंदाज ठरतो, किंवा सकाळी न उठणारा, किंवा उसना घेतलेला साबण परत न करणारा. वर्षभर एका खोलीत राहून त्याच्याशी मुळीच न पटणे, हेही त्यात शक्य असते.

तामिळनाडूने हिंदीच्या आक्षेपावरून ही विद्यालये स्वीकारली नाहीत. तो आक्षेप समजण्याजोगा आहे. परप्रांतातील मुलांशी ओळख व्हावी म्हणून हिंदीचीच अट का असावी, याला दिल्लीनेही पटणारे उत्तर दिलेले नाही. परिणामी पुदुच्चेरीतील शाळा वगळल्या तर या देवघेवीत तमिळ मुलूख नाही. आणि मदुरेत किंवा तंजावरात वसतिगृहात वर्ष काढून परतलेले अमरावतीचे मूलही नाही.